दहाचा चौकोन वहीवर: श्रीखंडे यांचं बीजगणित करून पाहण्यासाठी

नागपूरच्या गणिताबद्दल कुणी लिहायला बसलं की शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे नाव येतं. पाठोपाठ 'ऑयलरला खोटं ठरवणारे' हे विशेषण येतं आणि लेख तिथंच आटोपतो. अठराव्या शतकातला गणिती ऑयलर याचं नेमकं काय चुकलं आणि ते दाखवलं कसं, हे सांगायला कुणी थांबत नाही, कारण गणित अवघड असणार असं गृहीत धरलेलं असतं. खरं तर ७ ने भागून बाकी काढता आली आणि चौकटीची वही हाताशी असली, तर यातला मुख्य भाग कुणालाही करून पाहता येतो. ही नोंद त्यासाठीच आहे.

चरित्र थोडक्यात. जन्म १९१७, सागरचा. शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत. पुढे तिथेच अध्यापन. मग अमेरिकेत चॅपेल हिलला राजचंद्र बोस यांच्याकडे पीएच.डी., १९५० साली. नंतर बनारस हिंदू विद्यापीठ आणि मग मुंबई विद्यापीठ. तिथल्या गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचे ते संस्थापक प्रमुख होते. १९७८ ला निवृत्ती, २०२० च्या एप्रिलमध्ये निधन. वर्गीकरण करणारे त्यांना कॉम्बिनेटोरिक्सच्या, म्हणजे मांडण्यांच्या गणिताच्या, रकान्यात टाकतात. पण त्यांची हत्यारं पाहिली तर ती सगळी अमूर्त बीजगणितातली आहेत: ग्रुप (एकच, उलटवता येणारी क्रिया असलेला संच), फील्ड (बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चारही चालतात असा संच), आणि सगळ्यात जास्त म्हणजे व्यस्त (ज्यानं गुणलं की १ येतो तो घटक) कुठं मिळतो, कुठं मिळत नाही याची जाण.

आता मूळ वस्तू. 'न' हे अक्षर इथं १, २, ३ अशा कोणत्याही संख्येसाठी आहे. लॅटिन चौरस म्हणजे न रांगा आणि न स्तंभांचा तक्ता, ज्यात न खुणा अशा भरलेल्या असतात की प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक खूण एकदाच येते. हे निव्वळ कोडं नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत पाच खतांची तुलना करायची आहे असं धरा. जमिनीला एका दिशेनं उतार आहे आणि पाटाचं पाणी आडव्या दिशेनं येतं. बाग २५ तुकड्यांत विभागून खतं ५ × ५ लॅटिन चौरसाप्रमाणे दिली, तर प्रत्येक खत उताराच्या प्रत्येक पातळीवर एकदा आणि पाण्याच्या प्रत्येक पट्ट्यात एकदा येतं. मग उताराचा परिणाम खताच्या नावावर खपत नाही. संख्याशास्त्रात अशा प्रयोगात चूक किती आहे याचा अंदाज घेण्यासाठी (न−१)(न−२) स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे माहितीचे स्वतंत्र तुकडे, उरतात: ५ ला १२, ४ ला ६, ३ ला फक्त २. म्हणून ३ × ३ चा प्रयोग एकटा सहसा कुणी करत नाही. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत वाढलेले, त्यामुळे हा विषय त्यांच्याकडे शेताच्या बांधावरूनच आला होता.

खतासोबत छाटणीच्या पाच पद्धतीही त्याच २५ तुकड्यांत तपासायच्या असतील, तर दुसरा चौरस लागतो. तोही असा की एकावर एक ठेवल्यावर खत आणि छाटणी यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी. अशा दोन चौरसांना ऑर्थोगोनल म्हणतात. प्रश्न एवढाच: कोणत्या न साठी अशी जोडी मिळते?

न मूळ संख्या असेल तर काम सोपं. रांगेचा क्रमांक र, स्तंभाचा स. दोन्ही ० पासून मोजा. घरात अ×र + स ला न ने भागून येणारी बाकी लिहा. अ ची किंमत १, २, … न−१ अशी बदलली की न−१ चौरस मिळतात आणि त्यातले कोणतेही दोन ऑर्थोगोनल असतात. कारण पाहणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडतं. एका चौरसात खूण ख१ आणि दुसऱ्यात ख२ कुठं आहे हे शोधायचं, म्हणजे अ×र + स = ख१ आणि ब×र + स = ख२ ही समीकरणं सोडवायची. वजाबाकी केली की (अ−ब)×र = ख१−ख२. अ−ब ला व्यस्त असेल तर र एकच मिळतो, मग स मिळतो, काम झालं. ० सोडून प्रत्येकाला व्यस्त असणं हेच फील्डचं लक्षण.

न = ४ घेतलं आणि ४ ने भागून बाकी काढत बसलं की घोळ होतो. अ = २ ला तर लॅटिन चौरसच बनत नाही, कारण २×० आणि २×२ दोन्ही ०. उरले १ आणि ३. त्यांच्यातला फरक २, आणि २ ला व्यस्त नाही. परिणाम वहीवर दिसतो: र=०, स=० इथं जोडी (०,०) येते आणि र=२, स=२ इथंही (०,०)च येते, तर (०,१) ही जोडी कुठेच येत नाही. विद्यार्थी इथं '४ ला जमत नाही' असं ठरवून मोकळे होतात. तसं नाही, बेरीज-गुणाकार चुकीचा निवडला एवढंच. चार घटकांचं फील्ड वेगळं असतं: ०, १, प, प+१, ज्यात १+१ = ० आणि प×प = प+१. मग प×(प+१) = १ येतं, प्रत्येकाला व्यस्त मिळतो, आणि त्याच सूत्रानं तीन चौरस बनतात. असं फील्ड न हा मूळ संख्येचा घात असेल तेव्हाच असतं: ४, ८, ९, १६, २५… पण ६, १०, १२ ला नाही.

१२ चं अडत नाही, कारण ३ ची जोडी आणि ४ ची जोडी यांचा गुणाकार करता येतो: खूण म्हणून (३ ची खूण, ४ ची खूण) अशी दुकली घ्या. ही युक्ती विषम संख्यांना आणि ४ ने भाग जाणाऱ्यांना पुरते. उरतात ४क+२ प्रकारच्या संख्या: २, ६, १०, १४, १८, २२. यांचे तुकडे केले की एक तुकडा २ चा निघतो आणि २ ला जोडी नाही. ऑयलरनं १७८२ च्या लेखात ३६ लष्करी अधिकाऱ्यांचं कोडं (सहा पलटणी, सहा हुद्दे, म्हणजे ६ ची जोडी) मांडलं, ते ६ ला अशक्य असावं असं म्हटलं, आणि पुढं जाऊन सगळ्याच ४क+२ ना ते अशक्य असल्याचा अंदाज बांधला. ६ बद्दल तो बरोबर निघाला. १९०० च्या सुमारास गास्तों तारी यांनी सगळे प्रकार हातानं तपासून ते सिद्ध केलं.

ऑयलरचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता, हे इथं ठासून सांगायला हवं. १० ने भागून बाकीच्या बेरजेचा तक्ता घ्या. त्याला ऑर्थोगोनल जोडीदार असेल, तर जोडीदारातली एकच खूण जिथं जिथं आहे ती दहा घरं पाहा: प्रत्येक रांगेतून एक, प्रत्येक स्तंभातून एक, आणि त्यात पहिल्या चौरसाच्या दहाही खुणा एकेकदा. आता बेरीज करा. रांगांची ०+१+…+९ = ४५, बाकी ५. स्तंभांचीही ५. खुणांचीही ५. पण प्रत्येक घरातली खूण म्हणजे रांग + स्तंभ, म्हणजे ५+५ ची बाकी ५ यायला हवी, येते ०. खेळ खलास. १० घटकांचा दुसरा ग्रुप म्हणजे पंचकोनाच्या सममितींचा, तोही चालत नाही. हॉल आणि पेज यांनी १९५५ मध्ये दाखवलं की ज्या ग्रुपचा सिलो २-उपग्रुप (घटकांची संख्या २ चा घात असलेला त्यातला सगळ्यात मोठा उपग्रुप) चक्रीय, म्हणजे एकाच घटकापासून बनलेला, असतो आणि एकट्या एकात्म घटकाचा नसतो, त्याच्या तक्त्याला जोडीदार नसतोच. आणि ४क+२ घटकांच्या ग्रुपमध्ये हा उपग्रुप दोनच घटकांचा, म्हणजे चक्रीयच. सिलोचं प्रमेय परीक्षेपुरतं पाठ करणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी लक्षात ठेवावं. ग्रुपच्या नीटनेटक्या तक्त्यांतून शोधणाऱ्याला १० ची जोडी कधीच सापडली नसती.

मग करायचं काय? बोस आणि श्रीखंडे यांनी १० वा २२ वर फील्ड मागणं सोडलं आणि जिथं फील्ड आहे तिथून तुकडे आणून शिवले. २२ चं शिवणकाम असं. १८५० सालचं कर्कमनचं कोडं आहे: १५ मुलींना ७ दिवस तीन-तीनच्या पाच रांगांत असं चालवा की कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका रांगेत येतील. हे जमतं; एकूण ३५ त्रिकुटं. आता सात नवे बिंदू घ्या, दर दिवसाला एक, आणि त्या दिवसाच्या पाचही त्रिकुटांना तो जोडा. त्रिकुटांचे चौकडे झाले. सात नव्या बिंदूंचा मिळून एक गट वेगळा. एकूण २२ बिंदू, ४ चे ३५ गट आणि ७ चा १ गट, आणि कोणतेही दोन बिंदू नेमक्या एकाच गटात. ताळा: ३५×६ + २१ = २३१, आणि २२ बिंदूंच्या जोड्याही २३१.

प्रत्येक गटावर स्वतःचा छोटा चौरस बसवा, पण सूत्र थोडं बदलून: अ×र + (१−अ)×स. यात र = स असेल तिथं खूण र च येते. अ ला ० आणि १ चालत नाहीत, म्हणून ४ च्या फील्डवर असे दोन चौरस उरतात आणि ७ वर पाच. आपल्याला दोनच हवेत. मोठ्या २२ च्या तक्त्यात रांग र आणि स्तंभ स वेगळे असतील तर दोघांना धरणारा एकमेव गट शोधा आणि त्याच्या छोट्या चौरसातली खूण लिहा. र = स असेल तिथं र लिहा. सूत्र का बदललं ते आता कळेल: प्रत्येक जुना बिंदू ७ गटांत आहे आणि नवा ६ गटांत, त्यामुळे कर्णावरच्या एकाच घरावर सहा-सात गटांचा दावा येतो. सगळे गट तिथं एकच खूण सांगत असतील तरच भांडण मिटतं. साधं अ×र + स वापरून हे करू पाहणाऱ्याचा तक्ता कर्णावरच फुटतो.

हीच युक्ती १० ला लागत नाही. गट ४ किंवा त्याहून मोठे हवेत, कारण ३ वर असा बदललेला चौरस एकच मिळतो. ४ चा एक गट घ्या आणि बाहेरचा एक बिंदू. त्या बिंदूला गटातल्या चौघांशी जोडणारे गट चार वेगवेगळे, प्रत्येकात तो बिंदू सोडून किमान तीन बिंदू: १ + १२ = १३. बिंदू तर १०च.

१० ची जोडी अर्नेस्ट पार्कर यांनी लावली, ७ + ३ अशी. तिघांनी मिळून मग ६ पेक्षा मोठ्या सगळ्या ४क+२ साठी जोडी असल्याचं सिद्ध केलं. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. १७७ वर्षांचा अंदाज निकालात निघाला.

आता वही काढा. दहा खुणा: ० ते ६, आणि तीन जादा त, थ, द. रांगा आणि स्तंभांनाही हीच नावं. रांग ० मध्ये स्तंभ ०, १, २, … ६, त, थ, द या क्रमानं जोड्या लिहा. पहिली खूण पहिल्या चौरसाची, दुसरी दुसऱ्याची:

(०,०) (६,त) (५,थ) (४,द) (द,१) (थ,३) (त,५) (१,२) (२,४) (३,६)

रांग १ साठी प्रत्येक जोडी एक घर उजवीकडे सरकवायची आणि आकड्यात १ मिळवायचा. ६ नंतर ०. ही सरक पहिल्या सात स्तंभांपुरतीच गोल फिरते, म्हणजे स्तंभ ६ मधली जोडी स्तंभ ० मध्ये येते. स्तंभ त, थ, द मधल्या जोड्या जागा सोडत नाहीत, त्यांचे फक्त आकडे वाढतात. आणि खूण त, थ, द कुठेही असली तरी ती तशीच राहते. असं करत रांग ६ पर्यंत या.

खालच्या तीन रांगा वेगळ्या. रांग त मध्ये स्तंभ ० ला (२,१), रांग थ मध्ये (४,२), रांग द मध्ये (६,३); पुढच्या प्रत्येक स्तंभाला दोन्ही आकडे १ ने वाढवा, स्तंभ ६ पर्यंत. कोपऱ्यात ३ × ३ जागा उरते, तिथं ३ ची जोडी. रांग त: (त,त) (थ,द) (द,थ). रांग थ: (थ,थ) (द,त) (त,द). रांग द: (द,द) (त,थ) (थ,त).

ताळ्यासाठी स्तंभ ० वरून खाली वाचा: (०,०) (त,६) (थ,५) (द,४) (१,द) (३,थ) (५,त) (२,१) (४,२) (६,३). पहिल्या जागी दहाही खुणा, दुसऱ्या जागीही दहाही. हा स्तंभ जुळला तर उरलेल्यांत सहसा चूक नसते. जुळला नाही तर चूक नेहमीच्या तीनपैकी एक असते: आकडे वाढवले पण जोडी सरकवली नाही, ६ च्या पुढं ७ लिहिला, किंवा जादा तीन स्तंभही गोल फिरवले.

हे का चालतं? रांग ० कुठून आली ते पाहा. प्रत्येक इ (० ते ६) आणि ज (१, २, ३, त्यांचे जोडीदार अनुक्रमे त, थ, द) साठी चार चौकड्या लिहायच्या, क्रम रांग, स्तंभ, पहिली खूण, दुसरी खूण: (इ, इ+ज, इ−ज, त/थ/द), (इ+ज, इ, त/थ/द, इ−ज), (इ−ज, त/थ/द, इ, इ+ज), (त/थ/द, इ−ज, इ+ज, इ). तिरक्या रेघांत त्या ज चा जोडीदारच घ्यायचा. झाल्या ७×३×४ = ८४. त्यात (इ,इ,इ,इ) च्या ७ आणि कोपऱ्यातल्या ९, बरोबर १००. कोणत्याही दोन जागा निवडा: जादा खुणा नसलेल्या जोड्यांतले फरक एकतर ज आणि −ज असतात किंवा २ज आणि −२ज. ज = १, २, ३ घेतल्यावर पहिले १ ते ६ सगळे भरतात. दुसरेही भरतात, पण ७ मध्ये २ ला व्यस्त आहे म्हणूनच. म्हणजे हे प्रकरणही शेवटी व्यस्तावरच येऊन ठेपलं. ७ च्या जागी २म+१ आणि ३ च्या जागी म ठेवलं की ३म+१ चा चौरस मिळतो. विषम संख्येत २ ला व्यस्त असतोच. अट एवढीच की कोपऱ्यातल्या म ला स्वतःची जोडी हवी. म = ७ ला २२ पुन्हा मिळतात. म = २ किंवा ६ घेतलं तर कोपरा भरतच नाही.

श्रीखंडे यांच्या नावाचा आलेखही (आलेख म्हणजे इथं बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा) १९५९ चाच. १६ बिंदू: (०,०) ते (३,३), ४ ने बाकी. दोन बिंदूंचा फरक ±(१,०), ±(०,१) किंवा ±(१,१) असेल तर रेघ मारा. प्रत्येकाला ६ शेजारी, एकूण ४८ रेघा, आणि जोडलेले असोत वा नसोत, कोणत्याही दोन बिंदूंना सामाईक शेजारी दोनच. ४ × ४ बुद्धिबळपटावर हत्तीच्या चालींचा आलेख काढला तर त्याचेही आकडे तंतोतंत हेच. तरीही दोन्ही वेगळे आहेत, आणि ते पाहायला मिनिटभर पुरतं. (०,०) चे सहा शेजारी घ्या: (१,०), (१,१), (०,१), (३,०), (३,३), (०,३). ते याच क्रमानं एक षट्कोन बनवतात. हत्तीच्या आलेखात मात्र सहा शेजाऱ्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात. हत्तीच्या आलेखाच्या सममिती ११५२, श्रीखंडे यांच्या १९२. श्रीखंडे यांनी सिद्ध केलं ते असं की न × न पटावर हे आकडे आलेख पूर्ण ठरवतात, अपवाद फक्त न = ४, आणि तो अपवाद हाच. सेज या मोफत संगणक प्रणालीत तो नावानिशी तयार मिळतो, पण आधी हातानं काढलेला बरा.

वहीतला दहाचा तक्ता पूर्ण झाला असेल तर त्यावर एक प्रश्न अजून शिल्लक आहे. दोन्हींना ऑर्थोगोनल असा तिसरा चौरस हवा असेल, तर १०० घरं दहा-दहाच्या दहा संचांत अशी वाटावी लागतात की प्रत्येक संचात प्रत्येक रांग, प्रत्येक स्तंभ, पहिल्या चौरसाची प्रत्येक खूण आणि दुसऱ्याची प्रत्येक खूण एकेकदाच यावी. १० चे नऊ परस्पर ऑर्थोगोनल चौरस नाहीत हे १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी संगणकाला भरपूर राबवून दाखवलं. तीन आहेत की नाहीत, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.